मागल्या दाराची वाट

राजारामला वाट दाखवायची भारी हौस. परळच्या त्या गल्लीत कोणी नवखा माणूस शिरला, की हा चाळीच्या पायरीवरून उठायचाच. "कुठं जायचंय?" असं विचारायचा आणि उत्तर पुरतं ऐकायच्या आत चालायला लागायचा. पत्ता विचारणाऱ्याला जागेवरूनच बोट दाखवणं त्याला कमीपणाचं वाटे. सगळी हयात गिरणीच्या साचेखात्यात, मागांवर गेली, आता घरी बसून दुसरं काम नव्हतं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण गल्ल्या त्याच्या पायांना पाठ होत्या. मोठ्या रस्त्यावर मात्र त्याचं काही चालत नसे. तिथे ट्राम दिसायच्या आधी ऐकू यायची, आणि लॉरी तर दिसायचीही नाही आणि ऐकूही यायची नाही, एकदम अंगावरच.

तर ही हौस त्याला नडली. नडली म्हणजे अशी नडली, की गल्लीतल्या बायका त्याच्याशी बोलेनाशा झाल्या.

झालं असं. गल्लीतल्या मुली ज्या शाळेत जायच्या तिची इमारत धोक्याची ठरली, आणि सत्तावन्न सालच्या दिवाळीनंतर शाळा थेट प्रभादेवीकडे हलली. एवढ्या लांब मुली जाणार कशा, म्हणून सरकारी खर्चानं बस सुरू झाली. राजारामची नात चंपा पाचवीत होती. खिडकीजवळची जागा मिळाली की पोरगी दिवसभर खुशीत असायची. पण सरकारी म्हटलं की नियम आलाच. जिच्या घरापासून शाळा मैलाहून लांब, तिलाच बस. आणि मैल मोजायचा तो चालत जाता येईल अशा जवळात जवळच्या वाटेनं.

चंपाची आई शांता गिरणीत वाइंडिंगला, सूत गुंडाळायच्या कामावर होती, बाप भिवा रे रोडच्या लाकडाच्या वखारीत. दोघंही पहाटे घर सोडायचे. शांतानं सासऱ्याला स्पष्ट सांगितलं होतं, "मामा, बस हाय तवर शाळा. एवढीशी पोर मी पायी धाडनार नाय. लॉऱ्या हायत, वर रोज कुठं ना कुठं मोर्चा नि पोलिसांच्या लाठ्या. बस गेली तर घरी बसंल नि धाकट्याला सांभाळंल."

त्या रात्री राजारामला झोप लागली नाही. आदल्या वर्षी दसऱ्याला तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होता. घरातले जुने देव त्यानं स्वतःच्या हातानं काढले होते आणि त्या जागी बाबासाहेबांची तसबीर लावली होती. त्या तसबिरीखाली बसून पोरीनं शिकायचं नाही, पोर सांभाळायचं, हे त्याला सोसवणारं नव्हतं.

आणि तरीही घोटाळा केला तो त्यानंच.

मोजणी करायला कचेरीतून श्यामकांतसाहेब आले. गिरगावातल्या जुन्या खानदानी घरातला माणूस. पांढराशुभ्र शर्ट, बोलणं मऊ, कोणालाही अरे-तुरे नाही. बरोबर एक शिपाई, त्याच्या हातात लांब दांड्याचं मोजणीचं चाक. साहेबांनी गल्लीच्या तोंडाशी उभं राहून विचारलं, "इथून प्रभादेवीकडे जायला कसं जातात?"

झालं! राजाराम पायरीवरून उठला.

खरं तर वाट सरळ होती. गल्लीतून बाहेर पडायचं, गिरणीच्या लांबलचक भिंतीला पुरा वळसा घालायचा आणि मोठ्या रस्त्याला लागायचं. त्या वाटेनं मोजलं असतं तर मैल केव्हाच ओलांडला असता. पण पाहुण्याला एवढा वळसा? राजारामच्या हातून ते होणं नव्हतं. "या साहेब, लांबून कशाला?" म्हणत तो पुढे झाला आणि त्यानं साहेबांना नेलं कमलाबाईच्या खाणावळीतून.

या खाणावळीबद्दल सांगायला हवं. कमलाबाई मालवणकडची, विधवा. गिरणीतले पंचवीस-तीस कोकणी गडी तिच्याकडे जेवायला होते. खाणावळीचं पुढचं दार मोठ्या रस्त्याच्या बाजूला, आणि स्वयंपाकघराचं मागचं दार राजारामच्या गल्लीत. मध्ये चूल, पाटा-वरवंटा, पाण्याची पिंपं. ते मागचं दार पूर्वी कायम बंद असे. असणारच. गल्ली कोणाची आणि चूल कोणाची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. राजाराम तीस वर्षं त्या दारावरून ये-जा करत होता, पण आत चूल कुठल्या कोपऱ्यात आहे हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

मग छप्पन सालचा जानेवारी आला. संयुक्त महाराष्ट्रासाठी लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला. पोलीस गल्लीत घुसले तेव्हा माणसं भिंतीपाशी कोंडली गेली. पुढे भिंत, मागे पोलीस. तेवढ्यात ते दार उघडलं आणि कमलाबाई ओरडली, "येवा रे, भितर येवा! बघतास काय मेल्यांनो!" सगळी गल्ली तिच्या चुलीला घासून पलीकडे निघाली. राजाराम सगळ्यात शेवटी होता. तो उंबऱ्यापाशी अडखळला, तर तिनं त्याचं मनगट धरून आत ओढलं आणि कडी लावली.

त्या दिवसापासून ते दार दिवसा उघडंच राहिलं. ती म्हणायची, "आता बंद करून काय करू? एकदा गेलास ते गेलास." राजाराम तिला वहिनी म्हणू लागला, ती त्याला भावजी. रोज सकाळी तो काही काम नसताना त्या दारातून जायचा आणि पुढच्या दारानं बाहेर पडायचा. मुंबईत त्याला माहीत असलेल्या सगळ्या वाटांत ही एक वाट त्याच्या अभिमानाची होती. मोठा साहेब दारी आल्यावर तो तीच दाखवणार, नाही तर कुठली?

कमलाबाई तेव्हा बाजारात गेली होती. शिपायानं चुलीजवळून चाक फिरवत नेलं, साहेबांनी नीट बघून घेतलं. आठवड्यानं निकाल आला. मैलाला थोडकं कमी. गल्लीतल्या एकाही मुलीला बस नाही.

समोरची सुंदराबाई दोन मुलींची आई. ती पायरीशी येऊन म्हणाली, "आजोबा, आता आमाला पन वाट दाखवा की. बस कुनीकडं गेली तेवढी!" शांतानं चंपाचं दप्तर फळीवर ठेवून दिलं. बोलली असती तर बरं झालं असतं, असं राजारामला वाटलं.

तो कचेरीत गेला. श्यामकांतसाहेबांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. राजाराम म्हणाला, "मला दिसत नाय साहेब, पोरीला पोचवू कसा?" साहेब म्हणाले, "डॉक्टरांची चिठ्ठी आणा." राजाराम म्हणाला, "सून पहाटं कामावर जाते." साहेब म्हणाले, "गिरणीचं पत्र आणा. आणि खरं सांगू का, हे कागद आणलेत तरी नियम अंतराचाच आहे." राजाराम म्हणाला, "साहेब, ती वाट न्हाई, कुनाच्या तरी घरातलं दार हाय ते."

"मी स्वतः गेलो की त्यातून! उघडं होतं, तुम्ही बिनदिक्कत गेलात." साहेबांनी थोडा विचार केला. माणूस वाईट नव्हता. "असं करू. शनिवारी मी पुन्हा येतो. त्या बाईंनी मला सांगू दे, की इथून जायला लोकांना मोकळीक नाही. मग भिंतीच्या बाजूनं मोजू."

राजारामला हे कमलाबाईला सांगणं जिवावर आलं. ज्या दारासाठी तिचे उपकार मानायचे, तेच नाही म्हणून सांग, असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? पण चंपा दोन दिवस धाकट्या भावाला कडेवर घेऊन पायरीवर बसलेली होती. तिच्या वर्गातल्या दुसऱ्या गल्लीतल्या पोरी बसमधून हात करत गेल्या तेव्हा तिनं तोंड फिरवलं. राजाराम उठला आणि गेला.

कमलाबाई मासे साफ करत होती. तिनं सगळं ऐकलं. "भावजी, तुमी अक्कल खंय ठेवलास? चुलीवरना सायबाक फिरवलास?" म्हणून तिनं त्याची चांगली हजेरी घेतली. मग हात धुतले आणि म्हणाली, "शनिवारी तुम्ही मागच्या गल्लीत उभे ऱ्हवा. भितर येव नकात नि तोंड उघडू नकात. मी बघतंय."

शनिवारी दुपारी राजाराम मागल्या दाराबाहेर उभा राहिला. दाराला आतून कडी होती. फार दिवसांनी त्यानं ते दार बाहेरून बंद पाहिलं. फळ्यांमधून आतलं सगळं ऐकू येत होतं.

साहेबांनी नमस्कार करून आपलं काम सांगितलं. "तर बाई, या मागच्या दारातून गल्लीतली माणसं जातात-येतात का?"

"कोण गल्लीतली? हय मागची?" कमलाबाईचा आवाज चढला. "साहेब, काय बोलता! ही खाणावळ आहे. माझ्याकडे पंगतीला बसतात ती मराठ्याची माणसं. त्या लोकांनी माझ्या चुलीवरून जायचं? मग माझ्याकडे कोण जेवेल?"

"पण मी त्या दिवशी—"

"त्या दिवशी मी बाजारात गेले होते. घरात असते तर उंबऱ्याला पाय लावू दिला असता का? तो म्हातारा शिरला म्हणून घरी येऊन सगळं धुऊन काढलं. पिंपं ओतून दिली. धर्म बदलला म्हणून काय झालं? त्यांनी त्यांच्या जागी असावं, आम्ही आमच्या."

बाहेर राजाराम भिंतीला टेकला. हे नाटक आहे, त्याच्या नातीसाठी चाललंय, हे त्याला कळत होतं. तरी हात आपोआप पाठीमागे गेले, लहानपणी गावात पाटलाच्या ओट्याखाली उभा राहायचा तसे.

आत साहेबांनी एकसुद्धा प्रश्न विचारला नाही. "बरोबर आहे, बरोबर आहे," ते घाईघाईनं म्हणाले. "माझ्याच लक्षात यायला हवं होतं. माफ करा हं बाई, तुम्हाला त्रास झाला." मग शिपायाला म्हणाले, "चल, भिंतीच्या बाजूनं घे."

डोळ्यांना चिठ्ठी मागणारा माणूस, गिरणीच्या पाळीला पत्र मागणारा माणूस. या बोलण्याला त्याला कसलाच कागद लागला नाही. राजारामला वाटलं होतं साहेब खोदून विचारतील, बाईला खोटं पाडतील. तसं झालं असतं तर बस गेली असती. पण मनाच्या एका कोपऱ्यात त्याला तसं व्हायला हवं होतं, आणि याची त्याला लाज वाटली.

पुढे सगळं सुरळीत झालं. चाक भिंतीला वळसा घालून आलं, अंतर मैलाच्या वर भरलं. "सोमवारपासून सगळ्या मुलींना पाठवा," असं साहेब गल्लीत येऊन सांगून गेले. सुंदराबाईनं लगेच राजारामला चहा पाठवला. चंपानं फळीवरून दप्तर ओढलं आणि त्यातली वह्या-पुस्तकं उगाचच दोनदा लावली. शांता कामावरून आली, तिनं ऐकलं आणि सासऱ्याच्या पाया पडली.

राजाराम मात्र चहा तसाच ठेवून मागल्या दाराशी गेला. तो हाक मारणार तोच कडी निघाली. कमलाबाई दारात उभी होती. तिचे डोळे सुजले होते.

"झाला तुमचा काम?" तिनं विचारलं.

"झालं वहिनी. सगळ्या पोरींचं झालं. तुमचे उपकार..."

"उपकाराचा बोलू नकात." ती चौकट धरून उभी राहिली. "रातभर इचार केलंय, सायबाक काय सांगू, कसा सांगू. खोटा बोलाची माका सवय नाय, अडखळान पडतलंय म्हणान भियालंय. पण तोंड उघडला, भावजी, नि एक पण शब्द शोधूचो लागलो नाय. सगळे तयारच होते."

तिला बरं वाटेल असं काहीतरी म्हणावं, असं राजारामला फार वाटत होतं, पण खोटं तो तरी काय बोलणार? बाहेर उभा असताना त्यालाही तो एकेक शब्द ओळखीचा लागला होता.

"भितर येवा," ती हळूच म्हणाली.

तो उंबऱ्याकडे बघत राहिला. आज वळसा घातला तर उद्याही घालावा लागेल आणि मग जन्मभर, हे त्याला दिसत होतं. पण पाय उचलेना. तेव्हा कमलाबाई उंबरा ओलांडून बाहेर गल्लीत आली आणि त्याच्या चाळीच्या पायरीवर जाऊन बसली.