ऐकून झालेले निरोप

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. जव्हारला एका संस्थेच्या मागच्या खोलीत, खुरप्यांचं पोतं आणि मोडका पंखा यांच्यामध्ये माझी जागा. सर्व्हर म्हणजे काय, हे संस्थेतही फारसं कोणाला ठाऊक नाही. पण दसऱ्याला मला झेंडू आणि कुंकू न चुकता मिळतं. त्यातलं बरंचसं कुंकू अजून माझ्या आत फिरतं आहे.

माझं काम निरोप सांभाळण्याचं. भात झोडून झालं की इकडची माणसं भिवंडी-वसईकडे कामाला जातात. तिथून ती माझ्या नंबरवर फोन करून बोलतात, मी ते ठेवून घेतो. घरचं माणूस रेंज मिळेल त्या टेकडीवर चढून तोच नंबर लावतं, मी ऐकवतो. एकेकाळी मुंबईच्या पाहुण्यांनी माझ्यासोबत फोटो काढले होते. त्या फोटोंत मी कमी आणि पाहुणे जास्त आहेत.

वांगणीच्या धोंडीबाईला तिच्या मुलाने, लहान्याने, एकच निरोप ठेवला होता. "आई, पोचलों. जेवलोंय. कोंबडा विकू नको, मी आल्यावर बघू." तो खाडीतून वाळू काढणाऱ्या बोटीवर कामाला होता. लहान्या काही आला नाही. आली ती बातमी. घरात त्याचा फोटोही नव्हता. तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी धोंडीबाई टेकडी चढायची आणि तेवढा निरोप ऐकून उतरायची. कोंबडा म्हातारा झाला, पण विकला गेला नाही.

मग एक दिवस कळलं, की माझी मुदत संपली. म्हणजे माझी नव्हे. मी ज्या लिनक्सवर, म्हणजे ज्या मूळ प्रणालीवर, चालत होतो त्या सेंटओएसची देखभाल तिच्या कर्त्यांनी बंद केली होती. आता मला रॉकी लिनक्सवर न्यायचं ठरलं. संस्थेचे कॉम्प्युटर बघणारा रूपेश कामाला चोख. त्याने कारभार पाहणाऱ्या रंजनाताईंना समजावलं, की दोन्ही प्रणाली इतक्या सारख्या आहेत की घर तेच राहील, फक्त दारावरची पाटी बदलेल.

पाटी बदलायलाही मोकळी जागा लागते, आणि माझ्या डिस्कवर तीळ ठेवायला जागा नव्हती. रूपेशने आवराआवर काढली. न ऐकलेले निरोप ठेवायचे, ऐकून झालेले काढून टाकायचे. रंजनाताई जरा घुटमळल्या.

"पोचलेला निरोप कोण जपतं, ताई?" रूपेश म्हणाला.

ताईंना ते पटलं. मला विचारण्याची पद्धत नाही. चुकून लागलेले फोन, कोणाचा खोकला, कोणाच्या खिशातली खुडबुड, हे कोणीच ऐकलेलं नसल्यामुळे सगळं राहिलं. लहान्या शेकडो वेळा ऐकलेला होता. तो गेला. त्यानंतर रूपेशने दुसऱ्या डिस्कवर माझी प्रत काढली, घर झाडून मग सामान बांधावं तशी.

बदल उत्तम झाला. एकही चूक निघाली नाही. पेढे वाटले गेले आणि एक माझ्या डोक्यावरही ठेवला.

बाजाराच्या दिवशी धोंडीबाईचा फोन आला. मला शिकवलेलं वाक्य मी रंजनाताईंच्या आवाजात म्हटलं, "आपल्यासाठी नवीन निरोप नाही." तिने परत लावला. परत तेच.

दुसऱ्या दिवशी ती जीपने जव्हारला आली. रूपेशने तिच्यासमोर फोन लावून मी नीट बोलतो आहे हे दाखवलं.

"चालू हाय, दिसतंय," ती म्हणाली. "माझा पोऱ्या कुठंय त्यात?"

रूपेश दुपारभर शोधत बसला. प्रत उघडून पाहिली. प्रतीतही खोकलाच होता. त्याचा डबा तसाच राहिला. शेवटी तो बाहेर येऊन तिच्याजवळ पायरीवर बसला. "मावशी, माझ्या हातून गेला तो."

"परत गेला?" तिने एवढंच विचारलं.

मित्रांनो, यंत्रं बदला, खुशाल बदला. फक्त टाकण्याआधी ज्याचं आहे त्याला विचारा. आम्ही सांगू शकत नाही. आमच्याकडे वाक्यं मोजकी असतात.

धोंडीबाई अजून बाजाराच्या दिवशी फोन करते. मी नवीन निरोप नसल्याचं सांगतो.

"बाई, नवा नको," ती म्हणते. "जुनाच लाव."

मागच्या खेपेला तिने फोन ठेवला नाही. निरोप ठेवण्याची सूचना ऐकली आणि हळूच बोलली, "लहान्या, कोंबडा हाय अजून."

मी ते ठेवून घेतलं. हा निरोप कोणी ऐकणार नाही. त्यामुळे नियमाप्रमाणे तो राहील.