बाटली नसलेलं व्यसन

"माझा सुगत दारूच्या थेंबाला शिवत न्हाई!" दिघ्यातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात बायजाबाई हे वाक्य दिवसातून दोनदा तरी म्हणत. आज सून बॅग भरताना दिसली, तेव्हा त्या ते ओरडूनच म्हणाल्या.

"नाय शिवत ना? मग पोरीला फिट आली तेवा काय करत होता तुमचा सुगत?" शर्मिलाने बॅगेची चेन खसकन ओढली.

काय करत होता ते सगळ्यांना माहीत होतं. गुरुवारी चार वर्षांच्या उत्कर्षाला ताप होता. शर्मिला रबाळ्याच्या एका कंपनीत पॅकिंगला, तिला सुट्टी मिळाली नाही. बायजाबाई नात्यातल्या लग्नाला गेलेल्या. सुगतची मात्र साप्ताहिक सुट्टी होती. पोरीला औषध द्यायचं, ताप वाढला तर दवाखाना गाठायचा, एवढंच त्याला सांगितलं होतं. संध्याकाळी शर्मिला परतली, तर पोरीला झटके येत होते आणि बाप कानात हेडफोन घालून, भिंतीकडे तोंड करून, "कव्हर दे, कव्हर दे!" असं मोबाईलवरच्या गेममधल्या भिडूंना ओरडून सांगत होता. पोर वाचली ती शेजारच्या रिक्षावाल्यामुळे, बापामुळे नव्हे!

आणि हा बाप कोण? वस्तीच्या व्यसनमुक्ती समितीचा सचिव! दर रविवारी पांढरा शर्ट घालून, व्यसन ओळखायच्या प्रश्नांचा छापील फॉर्म घेऊन हा दारुड्यांच्या घरी जाणार, बायकापोरांदेखत त्यांची खरडपट्टी काढणार. गेल्याच आठवड्यात त्यातल्याच एका कोंडिबाने हात जोडून सांगितलं, "मनात आणलं तर उद्या सोडीन, साहेब." त्यावर सुगत पोट धरून हसला होता. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात, ते असं.

सुगतची थोरली बहीण संघमित्रा उत्कर्षाला मांडीवर घेऊन बसली होती. ती एका सरकारी दवाखान्यात समुपदेशक होती.

"सुगत, तुझा तो फॉर्म आण," ती म्हणाली.

"कशाला?"

"आण म्हणते ना!"

तिने फॉर्म हातात घेतला आणि जिथे जिथे 'दारू' छापलं होतं तिथे 'गेम' म्हणत वाचायला लागली.

"गेम एकदा सुरू केला की ठरल्या वेळी थांबवता येतो?"

"येतो की. मॅच अर्धी सोडली तर टीम शिव्या घालते, म्हणून जरा लांबतं."

"कामधंदा, जेवण, झोप, घरची माणसं मागं पडली?"

"दोन मेमो आलेत कंपनीतनं," शर्मिला म्हणाली. "विचारा, ताई, खोटं बोलते का मी."

"नुकसान दिसत असूनही चालूच आहे?"

"शुक्रवारी पोरगी अ‍ॅडमिट होती, सलाईन लागलेलं. हे दवाखान्याच्या जिन्यात बसून खेळत होते!"

"किती दिवस चाललंय हे?"

"दीड वर्ष," शर्मिलाने सांगितलं.

सुगत ताडकन उठला. "बस झालं! मी काय बेवडा आहे? मनात आणलं तर उद्या सोडीन!"

बोलून गेला, आणि आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. कोंडिबाचंच वाक्य!

"अगं, पन आजकाल समदेच खेळत्यात," बायजाबाई पुटपुटल्या.

"खेळणारा प्रत्येक जण आजारी नसतो, आई. नुसते तास मोजून हे ठरत नाही. ताबा सुटला, खेळापुढे बाकी सगळं फिकं पडलं, नुकसान दिसतंय तरी थांबत नाही, आणि हे वर्षभर चाललंय, तर डॉक्टर त्याला आजार म्हणतात. पोटात काही गेलं नाही तरी चटक लागतेच. पण निदान मी करणार नाही. ते डॉक्टर करतील. त्याची झोप, त्याचं मन, सगळं तपासून करतील."

"मग आजारच आहे ना?" सुगतला तेवढीच पळवाट दिसली. "माझा काय दोष त्यात?"

"आजार लागला, त्यात नसंल दोष," शर्मिला कडाडली. "पण आता कळल्यावर उपचार नाय घेतले, तर तो दोष तुमचाच!"

सुगत मटकन खाली बसला आणि पोरीकडे हात पुढे करून ढसाढसा रडला. उत्कर्षा आत्याला बिलगली. ती काही त्याच्याकडे गेली नाही.

सोमवारी तो संघमित्राबरोबर डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी तासभर त्याला प्रश्न विचारले, शर्मिलाशी फोनवर वेगळं बोलले, मग स्पष्ट सांगितलं: गेमिंगचं व्यसन. बरं होतं, पण महिने लागतात. सुगतने मान हलवली आणि पुढची तारीख घेतली. समितीचं सचिवपदही त्याने त्याच दिवशी सोडलं. शर्मिला मात्र ती भरलेली बॅग आणि लेकीला घेऊन द्रोणागिरीला आपल्या भावाकडे गेली, ती तिथेच राहिली. "शब्द पुष्कळ ऐकले, आता वागणं बघते," एवढंच तिने कळवलं. मला विचाराल, तर तिचं काही चुकलं नाही.

वाचकहो, घरात बाटली नाही म्हणून घर निर्व्यसनी ठरत नाही. तुमच्या घरी असा कुणी असेल तर त्याला पाठीशी घालू नका, आणि मोबाईल आपटून, शिव्या देऊनही तो सुटेल असं समजू नका. त्याला डॉक्टरकडे न्या. लाज वाटली तरी न्या. लाजेने आजवर एकही आजार बरा झालेला नाही!