विठा दिसेपर्यंत

मी एक जुना रुळाचा तुकडा आहे. बदलापूरजवळच्या लोहमार्गावर माझी उमेदीची वर्षे गेली. नवे रूळ आले तेव्हा मला कापून भंगारात टाकले. रूळ दुरुस्त करणाऱ्या रेल्वेच्या गँगमध्ये काम करणाऱ्या नाथाने साहेबांकडून मला मागून घेतले आणि आपल्या वाडीतल्या शाळेपुढच्या आंब्याला टांगले. तेव्हापासून मी शाळेची घंटा झालो.

मित्रांनो, मी गाड्यांच्या वेळापत्रकावर वाढलेला. शाळेत मात्र आण्णा गुरुजींची रीत निराळी होती. ओढ्यापलीकडची मुले दिसल्याशिवाय ते हातोडी उचलत नसत. सर्वांत शेवटी यायची ती नाथाचीच मुलगी विठा. घरचे पाणी भरूनच तिला निघावे लागे.

"आली आमची लेट पॅसेंजर!" गुरुजी हसत म्हणायचे आणि मग टोला द्यायचे. त्या टोल्याने मला फार बरे वाटे.

नव्वद साल उलटल्यावर वरून हुकूम आला. पट कमी, म्हणून वाडीची शाळा बंद. मुलांनी मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत जायचे. तिथे पक्क्या खोल्या आहेत, मुलांना न्यायला गाडी येईल, असे शिक्षणखात्याचे साहेब म्हणाले. वाडीने टाळ्या वाजवल्या. शाळा तिकडे गेली तर घंटाही तिकडेच हवी, म्हणून नाथाने मला मोठ्या हौसेने खांद्यावरून नेले. गुरुजींची बदली झाली. गाडी दिवाळीपर्यंत आली, मग बिघडली ती बिघडलीच.

इथे मी घड्याळावर वाजतो आणि वाजलो की फाटक लागते. आनंदनगरच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या ट्रकांमधून वाट काढत विठा धापा टाकत पोचायची, तोवर फाटकाला कडी. शेवटी तिची आई बनूबाई शाळेत आली.

"बाई, पोर पानी भरून धावत येतं वो. टोला द्यायच्या आधी वाईच रस्त्याकडं बघा ना."

"एका मुलीसाठी अख्खी शाळा खोळंबून ठेवू का?" मुख्याध्यापिका सुनेत्राबाई म्हणाल्या.

विठाचे नाव पटावरून कमी झाले. आता ती डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन रोज फाटकावरून जाते, नेमकी मी वाजतो तेव्हाच. आता तिला उशीर होत नाही. पाहुणे माझ्या खणखणीत आवाजाचे कौतुक करतात, तेव्हा मला संताप येतो.

मित्रांनो, टोला देण्याची पाळी तुमच्यावर आली, तर आधी रस्त्याकडे बघा. कोणी धावत येत असेल, तर हात खाली घ्या. मला स्वतःहून थांबता येत नाही.