नावाआधीची फुली

"बत्ती मत जलाइए, दीनानाथजी," प्रतिमा श्रीवास्तव म्हणाली. तिनं जेलचा पातळ तुकडा अतिनील दिव्यावर ठेवला आणि अंधारात केशरी पट्टे उजळले.

डाव्या रांगेत काटेरी बांबूचा डीएनए होता, उजव्या रांगेत बिनकाट्याच्या बांबूचा. मधली रांग डॉ. रमाकांत सबनीसांच्या बांबूची. १९८५ साली त्यांनी ती नवी जात म्हणून जाहीर केली होती आणि तिला बायकोचं, विजयाचं, नाव दिलं होतं. त्या रांगेत स्वतःचं असं काहीच नव्हतं. काही पट्टे डावीकडचे, उरलेले उजवीकडचे.

"यह तो हाइब्रिड है!" प्रतिमा म्हणाली.

वनस्पतिसंग्रहातला सहायक दीनानाथ मधल्या रांगेवर वाकला. तराईच्या जंगलातून ते बांबूचं बेट त्यानंच खणून आणलं होतं. "साहेब, शेजारी दोन्ही जाती फुललेल्या होत्या. हा संकर वाटतो," असं तो भर बैठकीत म्हणाला, तेव्हा सबनीस हसले होते. "दीनानाथ, तुम्ही पानं वाळवा. जाती आम्ही ठरवू."

लखनौच्या त्या आख्ख्या संस्थेत मराठी बोलणारे ते दोघंच. पण सबनीसांनी ते वाक्य लगेच हिंदीतही सांगितलं. मग चपराशीसुद्धा विचारू लागले, "पत्ते सूख गए, भाईसाहब?" तेव्हापासून दर वर्षी त्याच्या गोपनीय अहवालात शेरा पडत गेला: वरिष्ठांशी वाद घालतो. बारा वर्षांत बढती नाही.

महिनाअखेरीला सबनीस निवृत्त होणार होते. निरोपाच्या दिवशी त्यांचं भाषण होतं आणि त्यानंतर नव्या तंत्रावर प्रतिमाचं.

"सर को पहले बता दें?" तिनं विचारलं.

"आप दो बार और चलाकर देखिए. सर को मैं बता दूँगा."

तिनं पुन्हा दोनदा तपासलं. पट्टे तेच. दीनानाथ सबनीसांना रोज भेटत होता, त्यांच्या ब्लडप्रेशरची चौकशी करत होता. सांगितलं मात्र नाही.

त्या दिवशी सबनीस अर्धा तास आपल्या बांबूवर बोलले. पहिल्या रांगेत विजयावहिनी पैठणी नेसून बसल्या होत्या. प्रोजेक्टरपाशी दीनानाथ उभा होता. मग प्रतिमा उठली. सरांना माहीत आहे अशा समजुतीनं तिनं सरळ निष्कर्ष सांगितला. हॉलमध्ये आधी कुजबुज झाली आणि मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं.

सबनीसांचा चेहरा पांढरा पडला. "दीनानाथ, पुढची स्लाइड," ते मराठीत म्हणाले.

"लोकांना नीट बघू द्या, साहेब."

त्यानं ती स्लाइड काढली नाही. प्रोजेक्टरचा पंखा घरघरत राहिला. इतकं गार, इतकं मोकळं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

बाहेर पडताना सबनीस त्याच्याजवळ थांबले. "कधीपासून माहीत होतं तुम्हाला?"

"बारा वर्षं, साहेब."

सबनीस खाली मान घालून गाडीकडे गेले.

थोड्या वेळानं दीनानाथ संस्थेच्या बागेत गेला, तर त्या बेटापाशी वहिनी एकट्याच उभ्या होत्या. लखनौत नवा असताना पहिल्या दिवाळीला त्यांनीच त्याला महानगर भागातल्या आपल्या घरी जेवायला बोलावलं होतं.

"तुम्ही तेव्हाच सांगितलं होतं, हे मला आज कळलं, भाऊ," त्या म्हणाल्या. "यांनी कधी बोलूनच दाखवलं नाही. माझं नाव आता पुसणार ना?"

'हो' म्हणणं सोपं होतं. ते त्याच्या ओठांवर आलंही.

"नाही, वहिनी. नियमानं नाव राहतं. संकर आहे हे कळावं म्हणून नावाआधी एक खूण येते. गुणिलेची."

"म्हणजे फुलीच ना?"

त्यानं मान डोलावली.

"मग ती आत्ताच काढा," त्या म्हणाल्या. "माझ्यादेखत. उद्या कुणीतरी हसत काढणार."

त्यानं माळ्याच्या खोलीतून पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश आणला. फाटकाबाहेर सबनीसांच्या गाडीचा हॉर्न वाजला, पुन्हा वाजला. वहिनींनी पैठणीचा पदर खोचला आणि डबा हातात धरला. दीनानाथ बेटाचं नाव लिहिलेल्या पत्र्याच्या पाटीपुढे गुडघ्यावर बसला. त्यानं ब्रश रंगात बुडवला.

"जरा बारीक काढा, भाऊ," वहिनी म्हणाल्या.