गाडीतली झोप

दादाला गाड्या ऐकायची खोड होती. जेवताना रस्त्यावरून एखादी गाडी गेली की तिचा पट्टा सैल झालाय हे तो तोंडातल्या घासासकट सांगायचा, आणि बायको म्हणायची, "आधी गिळा तो." त्यामुळे त्या सुट्टीच्या दुपारी धाकट्या बहिणीची गाडी गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा बाहेर न येताच त्याने कपाळाला हात लावला.

वडिलांच्या वेळची चॉकलेटी गाडी जागच्या जागी थरथरत होती. दाराच्या काचा खडखडत होत्या, आणि आरसा असा हलत होता की त्यात मागचा रस्ता दिसायचं नावच नको. बहीण खिडकीतून हळूच म्हणाली, "चाकांत हवा भर फक्त. बाकी कशाला हात लावू नकोस. आणि इंजिन बंद करू नकोस."

मागच्या सीटवर आई झोपली होती. मान एका बाजूला कललेली, तोंड अर्धवट उघडं, आणि इंजिनाबरोबर गाल बारीक हलत होते.

आता मेकॅनिकला कशालाही हात लावू नकोस म्हणणं म्हणजे लहान मुलाला मिठाईच्या दुकानात डोळे मिटून बसवणं. शिवाय गेले कित्येक महिने तो बहिणीला सांगत होता की या गाडीची माउंटिंग गेलीत. इंजिन ज्या रबरांवर बसतं ती ही माउंटिंग. इंजिन हलायचं ते हलतंच, त्याचा तो स्वभाव आहे. ते हलणं आत बसलेल्या माणसांपर्यंत पोचू द्यायचं नाही, एवढंच या रबरांचं काम. नवा जोड त्याने केव्हाच आणून कपाटात ठेवला होता. बहीण मात्र दर वेळी काहीतरी सबब सांगून सटकायची. तिच्याकडे शिवणकामाच्या गिऱ्हाइकांची रीघ असायची, त्यामुळे सबबींना तोटा नव्हता.

त्याने बॉनेट उघडलं. "ब्रेक दाबून ठेव. पहिला गिअर टाक आणि क्लच अगदी किंचित सोड."

बहिणीने नाइलाजाने केलं. इंजिनाची उजवी बाजू उठली आणि धप्पकन खाली बसली. लोखंडावर लोखंड आदळल्याचा आवाज आला. दादाचा चेहरा उतरला. "अगं, हे नुसतं झिजलेलं नाही, फाटून वेगळं झालंय," असं म्हणत तो खिडकीशी आला, हात आत घातला आणि सवयीने किल्ली फिरवली.

इंजिन बंद पडलं. आईने खाडकन डोळे उघडले.

"घरी चला," ती म्हणाली. "उशीर झाला. घरी चला. दार उघडं राहिलंय."

"आई, मी आहे," दादा म्हणाला.

"कोण? मेकॅनिक का? अहो मेकॅनिक, मला घरी जायचंय." आणि ती दाराची कडी चाचपायला लागली. बहिणीने मागे वळून तिचे हात धरले. मग ते सोडून तिने स्टिअरिंगवर डोकं टेकलं, आणि दादाला दिसलं की तिचे खांदे हलतायत.

"काय झालं, छोटी?"

"झोपली होती रे ती," बहीण म्हणाली. "रात्री ती डोळ्याला डोळा लावत नाही. कड्या काढते, चपला शोधते, जिन्यावर जाऊन बसते. बिछान्यात पाच मिनिटं टिकत नाही. फक्त या गाडीत झोपते, ती हलत असली तरच. मी रोज दुपारी मैदानाच्या कडेला झाडाखाली गाडी लावते, काचा उघडते, इंजिन चालू ठेवते. ती झोपली की मीही पुढच्या सीटवर डोळे मिटते. तेवढीच झोप मिळते मला, दादा. आणि तू सारखा ती माउंटिंग घेऊन मागे लागतोस."

दादा दर आठवड्याला फोन करायचा, "आईला झोप लागते ना?" असं विचारायचा, आणि बहीण "लागते" म्हणायची. खोटं नव्हतंच ते. कुठे लागते, हे त्याने विचारलं नव्हतं आणि तिने सांगितलं नव्हतं. त्याला स्वतःचा असा राग आला की हातातला पाना कुठेतरी फेकून द्यावासा वाटला.

"थोडे दिवस अशीच चालू दे ना," बहीण म्हणाली.

त्याच्या ओठांवर हो आलं होतं. पण उठून आदळणारं इंजिन त्याने आत्ताच पाहिलं होतं. असंच एखाद्या दिवशी ते कललं असतं, पेट्रोलची नळी तुटली असती, आणि आत या दोघी गाढ झोपलेल्या. "नाही, छोटी," तो म्हणाला. "बाकी काहीही माग. हे नाही."

बहिणीने किल्ली त्याच्या हातात ठेवली आणि आईला घेऊन बाकावर जाऊन बसली.

दादाने ऑइलच्या चेंबरखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅक लावला आणि इंजिनाचं ओझं हळूहळू त्यावर घेतलं. बोल्ट गंजून असे बसले होते की त्यांना सुटायचंच नव्हतं. त्यांच्यावर तेल सोडलं, वाट पाहिली, लांब पान्याला पाइप लावून जोर केला. जुनं माउंटिंग निघालं ते दोन तुकड्यांत, रबर एकीकडे आणि लोखंड एकीकडे. दुसऱ्या बाजूचंही त्याच वाटेवर होतं. त्याने दोन्ही नवी बसवली, बोल्ट आधी हातानेच धरवले, इंजिन आपल्या जागी नीट बसलंय ना ते पाहिलं, आणि मगच आवळले. एरवी काम करताना त्याचं शीळ घालणं चालू असायचं. आज गॅरेज गप्प होतं. आई मधूनमधून विचारत होती, "झालं का हो मेकॅनिक?" आणि तो म्हणत होता, "झालंच, आई."

बहिणीने पुढे बसून किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं ते इतकं गुपचूप, की तिला ते कळलंच नाही; तिने पुन्हा किल्ली फिरवली आणि स्टार्टर करकरला. दुसरा कुठला दिवस असता तर दादाने चार लोकांना बोलावून ऐकवलं असतं.

आईला मागे बसवलं. ती ताठ बसून राहिली. इंजिन चालू, काचा उघड्या, आणि आई टक्क जागी. बहीण पुढे बसून समोर बघत होती. दादाकडे तिने बघितलं नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं.

मग उभ्या आयुष्यात केलं नव्हतं ते त्याने केलं. बॉनेट उघडून एका प्लगची वायर काढून टाकली. इंजिन लंगडायला लागलं, गाडी गचके खात हलू लागली. दादा आशेने खिडकीशी आला.

आईने नाक मुरडलं. चाळीस वर्षं नवऱ्याच्या गॅरेजच्या गल्ल्यावर बसलेली बाई ती. "मिसिंग करतेय," ती म्हणाली. "प्लग बघा. कोण शिकवतं हो तुम्हाला?"

बहिणीला आधी हसू फुटलं, मग दादाला. दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. पण हसणं थांबलं तशी आई पुन्हा कडी चाचपायला लागली. "घरी चला. उशीर झाला."

दादाने वायर परत बसवली, हात पुसले आणि मागचं दार उघडून आईच्या शेजारी जाऊन बसला. "घरीच चाललोय, आई," तो म्हणाला आणि तिला जवळ घेतलं. ती किती हलकी झाली होती! तिचं डोकं त्याच्या खांद्यावरून घसरत घसरत मांडीवर आलं. त्याने पाय जवळ घेतले, आणि आपली दोन पोरं झोपवताना हलायची तशी त्याची मांडी आपोआप हलायला लागली. आईने एकदा डोळे वर करून त्याच्याकडे पाहिलं. ओळखलं नसावं. पण कडीवरचा हात खाली आला आणि त्याच्या गुडघ्यावर पडून राहिला. हळूहळू तिचा श्वास लांब झाला.

बहीण मान वळवून बघत होती. "थांबवू नकोस," ती कुजबुजली.

"नाही थांबवत. तू इंजिन बंद कर."

तिने घाबरत घाबरत किल्ली फिरवली. आई उठली नाही.

बराच वेळ झाला. पायाला मुंग्या आल्या, मग पाय आहे की नाही तेही कळेनासं झालं. दाराशी एक गिऱ्हाईक वाकून बघायला लागलं, त्याला दादाने तोंडावर बोट ठेवून परत पाठवलं. आईच्या विरळ केसांना ग्रीस लागेल म्हणून त्याने हात वरच धरून ठेवला होता.

"छोटी," तो हळूच म्हणाला, "दुपारी गॅरेज बंद ठेवत जाईन मी. रोज येईन. आणि रात्रीचंही बघू, आळीपाळीने. ऐकलंस का?"

पुढून उत्तर आलं नाही. बहिणीचं डोकं दाराला टेकलं होतं, हात मांडीवर उलटे पडले होते, आणि ती झोपली होती. जागी झाल्यावर तिला हे सगळं पुन्हा सांगावं लागणार होतं. तोवर दादा मांडी हलवत राहिला.