काहीतरी राहिलं

नदीवरच्या बंधाऱ्याच्या फळ्या वरच्या गावच्या सुतारानेच केल्या होत्या. त्या फळ्यांनी ज्या खालच्या गावाचं पाणी तोडलं, त्याच गावात त्याची धाकटी बहीण दिलेली होती. एका उन्हाळ्यात खालची माणसं फळ्या उपसायला आली, त्यांत धाकटीही होती. सुतार तिला चारचौघांत चोर म्हणाला. तेव्हापासून ती माहेरी फिरकली नव्हती.

भांडण हाताबाहेर गेलं तेव्हा शहरातून मध्यस्थ बाई आल्या. त्यांचा नियम एकच: आधी समोरच्याचं म्हणणं आपण मांडायचं. तो ‘बरोबर’ म्हणाला, की मगच आपलं. शिव्या पाठ करून आलेल्या मंडळींची यात फारच पंचाईत झाली. शेवटी वरच्यांतर्फे बोलायला सुतार उरला आणि खालच्यांतर्फे धाकटी.

“वरच्या गावाचं म्हणणं असं,” धाकटी म्हणाली, “की फळ्या काढल्या तर विहिरी आटतात, गुरं तहानेने ओरडतात...”

लहानपणी काच फुटली की आईपुढे त्याची वकिली ती याच आवाजात करायची. सुताराने डोळे मिटले.

“बरोबर?” बाईंनी विचारलं.

“नाही. काहीतरी राहिलं.”

धाकटीने पुन्हा सांगितलं. या वेळी भाजीचे वाफेसुद्धा घातले. तरी काहीतरी राहिलंच.

शेजारी बसलेला गिरणीवाला कुजबुजला, “अरे, तुझ्यापेक्षा चांगलं मांडतेय ती. हो म्हणून टाक!”

पण हो म्हटलं की तडजोड, तडजोड झाली की बैठका बंद. सुताराला गावाच्या पाण्याची काळजी होती. घाई मात्र नव्हती.

पुढच्या बैठकीतही तेच. धाकटी थांबली. डोळे मिटून बसलेल्या भावाकडे तिने नीट बघून घेतलं.

“वरच्या गावाचं म्हणणं असं,” ती सावकाश म्हणाली, “की बहिणीला नको ते बोललो. समजूत काढायला जायचं, तर वाट बंधाऱ्यावरूनच जाते. आणि तिथे पाय अडतो.”

“हे आपल्या मागण्यांत कधी आलं?” गिरणीवाला म्हणाला.

“बरोबर,” सुतार म्हणाला. मग डोळे उघडून तिच्याकडे बघत पुन्हा म्हणाला, “बरोबर.”

आता पाळी त्याची. खालच्या गावाचं म्हणणं त्याने एका दमात मांडलं: सुकलेली रोपं, टोकाच्या घरापर्यंत न पोचणारं पाणी, फळ्या आळीपाळीने काढायची मागणी. गिरणीवाल्यालासुद्धा खोट काढता येईना.

“बरोबर?” बाईंनी धाकटीला विचारलं.

धाकटीने पदराने नाक पुसलं.

“नाही,” ती म्हणाली. “काहीतरी राहिलं. पुन्हा सांग, दादा.”