आखूड पट्टी

तळहाताएवढं कार्ड. पंखा नाही, आवाज नाही, वीज खाणार एका दिव्याएवढी.

आईचे आखडलेले गुडघे.

डब्यात पत्र्याच्या आखूड पट्ट्या.

गार झालेला चहा, वर साय.

तर झालं असं. रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात ताई फोन घ्यायच्या. समोर चार पडदे, एकावर शहराचा नकाशा आणि त्यात फिरणाऱ्या गाड्या. पडद्यांना चित्र पुरवणाऱ्या जुन्या कार्डाचा पंखा इतका घरघरायचा की फोनवरचं कण्हणं ऐकू येईना. म्हणून मिस्त्रीने (दुरुस्ती संगणकांची, पण सगळे मिस्त्रीच म्हणायचे) हे बिनपंख्याचं मागवलं.

अशा कार्डाला, ते खोक्यात घट्ट बसावं म्हणून, उंच पट्टी लावलेलीच येते, आखूड सुटी. मिस्त्री आखूड पट्टी कायम न बघता डब्यात टाकायचा. यंदा संगणकाचे खोके बारीक आले. उंच पट्टी मावेना, आणि डबा भंगारवाल्याने नेलेला.

"पट्टीवाचून काय अडतंय," म्हणत त्याने कार्ड तसंच खोचलं. चार केबलींच्या ओझ्याने ते लोंबलं. पडदे काळे. मग टेबलामागे उकिडवं बसून त्याने कार्ड बोटांनी उचलून धरलं, ताईंनी संगणक पुन्हा चालू केला, पडदे उजळले.

"मिस्त्री, आता तुम्हीच पट्टी. पगार वाढवून मागा."

"हसा ताई, हसा. कोणीतरी पट्टी घेऊन येईपर्यंत मला इथेच बसायचंय."

फोन वाजला.

"बोला आजी. छातीत? पत्ता सांगा." ताई मोठ्याने म्हणत टाइप करत होत्या. पाण्याच्या टाकीमागे, पिवळी इमारत, तिसरा मजला.



"ताई, ती माझी आई."

टाइप करणं थांबलं. पुन्हा सुरू झालं.

"हात काढू नका. नकाशा गेला तर गाडी कुठली पाठवू?"

"मला बोलू द्या तिच्याशी."

"आजी, बोलत राहा. आजी? अहो आजी?"

कार्ड तापलेल्या कपाळासारखं लागत होतं. टेबलाखालून त्याला ताईंच्या चपला तेवढ्या दिसत होत्या.

"निघाली गाडी. वळली. पोचली, मिस्त्री, पोचली. गाडीतली माणसं जिना चढतायत."



"ताई?"

"दार वाजवतायत. फोनवर ऐकू येतंय."

त्याने कार्ड आणखी वर रेटलं. आणखी वर जायला जागा नव्हती.

"अजून वाजवतायत."

सकाळी निघताना त्यानेच आईला बजावलं होतं, आतून कडी लावून घे.